होलिस्टिक नर्सिंग : नावामागे धावू नका, आधी पाया पक्का करा



बारावीचा निकाल लागला की आठ-पंधरा दिवस आमच्या स्टाफरूमबाहेर पालकांची रीघ लागते. "सर, पोरीला एवढे एवढे मार्क पडले, आता काय करावं?" हा एकच प्रश्न. यंदा एक आई मुलीला घेऊन आल्या. हातात एक गुळगुळीत रंगीत पत्रक. त्यावर लिहिलेलं, 'होलिस्टिक नर्सिंगमध्ये करिअर करा. नोकरीची हमी.' कापूस विकून बाजूला ठेवलेले पैसे दुसऱ्या दिवशी भरायचे ठरले होते. मुलीचे डोळे चमकत होते. ती म्हणाली, "सर, यात नुसतं इंजेक्शन नाही, माणसाच्या मनाचंही बघतात म्हणे."

मुलीला ओढ बरोबर गोष्टीची होती, हे आधी सांगतो. पण ते पत्रक पाहून माझ्या पोटात गोळा आला. कारण काही वर्षांपूर्वी अशाच एका पत्रकाला मी स्वतः "छान आहे, घे प्रवेश" असं म्हणून बसलो होतो. त्या विद्यार्थिनीनं दोन वर्षं शिकून प्रमाणपत्र मिळवलं आणि पहिल्याच मुलाखतीत तिला विचारलं गेलं, "नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय?" तो नव्हताच. दोन वर्षं आणि घरचा पैसा पाण्यात. तिनं नंतर जी.एन.एम.ला पहिल्यापासून सुरुवात केली. ती मला कधी काही बोलली नाही, पण मी विसरलो नाही. हा लेख त्या चुकीतून आलाय.

आपण तीन गोष्टी समजून घेऊ. होलिस्टिक नर्सिंग म्हणजे नेमकं काय, आपल्याकडे ते कुठे केलं जातं, आणि तिथपर्यंत जाण्याचा खरा रस्ता कोणता.

होलिस्टिक नर्सिंग म्हणजे काय?

मराठीत याला 'समग्र परिचर्या' म्हणता येईल. सोपा अर्थ असा की रोगाची नाही, रोग्याची शुश्रूषा. शरीर, मन, घरची माणसं, पैशाची ओढाताण, श्रद्धा, झोप, जेवण हे सगळं मिळून माणूस होतो. आजार या सगळ्यावर परिणाम करतो आणि यातली प्रत्येक गोष्ट आजारावर परिणाम करते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९४८ पासून आरोग्याची जी व्याख्या धरली आहे, तिच्यातही शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही अंगांनी बरं असणं म्हणजे आरोग्य, असंच म्हटलंय.

एक उदाहरण घेऊ. समजा, पालम तालुक्यातले साठीचे एक शेतकरी. मधुमेह आहे आणि पायाला जखम झाली आहे. दवाखान्यात ड्रेसिंग होतं, गोळ्या मिळतात, पण जखम काही भरत नाही. डॉक्टरांच्या आदेशाप्रमाणे ड्रेसिंग करून पुढच्या खाटेकडे जाणारी परिचारिका आपलं काम चोख करते, यात वाद नाही. समग्र परिचर्या करणारी परिचारिका ड्रेसिंग तितकंच चोख करते आणि हात चालू असतानाच बोलते.

"काका, रानात चप्पल घालता का?" काळ्या मातीत चिखल झाला की चप्पल रुतते, म्हणून काका अनवाणीच जातात. "घरी पट्टी कोण बदलतं?" सून बदलते, पण ती दिवसभर मजुरीला असते. "रात्री झोप लागते का?" नाही, पाय कापतील याची भीती वाटते. "जेवणात काय असतं?" ज्वारीची भाकरी असते, पण दिवसातून सात-आठ वेळा साखरेचा चहाही असतो. आणि शेवटी काका हळूच विचारतात, "आषाढीला वारीत चालता येईल का हो?"

या पाच मिनिटांत जखम का भरत नाही, हे कळलं. आता ती परिचारिका सुनेला पट्टी स्वच्छ कशी बदलायची ते स्वतः करून दाखवेल, मागे पट्टा असलेली सँडल सुचवेल, चहाबद्दल न रागावता बोलेल. पाय कापण्याच्या भीतीबद्दल डॉक्टरांनी काकांशी दोन शब्द बोलावेत, असं त्यांच्या कानावर घालेल. वारीच्या प्रश्नाला ती हसणार नाही, कारण काकांना बरं व्हायचं आहे ते त्या वारीसाठीच.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. तिनं कुठलंही औषध बंद केलं नाही की स्वतःच्या मनानं सुरू केलं नाही. होलिस्टिक म्हणजे गोळ्या सोडून जडीबुटी नाही, चमत्कार नाही. श्वसनाचे सोपे व्यायाम, संगीत, हलका मसाज, ध्यान या गोष्टी काही ठिकाणी वापरल्या जातात, पण त्या उपचाराच्या जोडीला असतात, उपचाराच्या जागी नसतात. जो कोणी 'आमच्या पद्धतीनं इन्सुलिन सुटेल' असं सांगतो, त्याच्यापासून आपल्या मुलांना दूर ठेवा.

ही कल्पना आली कुठून?

नाव नवं आहे, गोष्ट जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येवर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात औषधांपेक्षा जास्त भर मोकळी हवा, उजेड, स्वच्छता, शांतता आणि योग्य आहार यांवर आहे. त्या भारतात कधी आल्या नाहीत, पण इथल्या आरोग्याच्या प्रश्नांवर त्यांनी अनेक वर्षं लिहिलं.

आपल्या मातीतलं उदाहरण तर आपण पाठ्यपुस्तकात शिकवतोच. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालवला. ज्यांना शिवायलाही लोक घाबरत होते, त्यांना सावित्रीबाई तिथे घेऊन येत. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुढे रमाबाई रानडे यांच्या पुण्यातल्या सेवासदनानं बायकांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवलं. या कामाकडे कमीपणानं पाहिलं जाण्याचा तो काळ होता.

'होलिस्टिक नर्सिंग' हे नाव रुळलं ते अमेरिकेत. १९८१ मध्ये तिथे या विचाराच्या परिचारिकांची संघटना स्थापन झाली आणि २००६ मध्ये तिथल्या परिचारिकांच्या मुख्य संघटनेनं ही एक खास शाखा म्हणून मान्य केली. तिथेही आधी नोंदणीकृत परिचारिका व्हावं लागतं आणि मगच त्यावरचं प्रमाणपत्र मिळतं. पत्रकं छापणारे नेमकी हीच गोष्ट सांगत नाहीत.

४२ वर्षांची शुश्रूषा

समग्र परिचर्या म्हणजे काय हे मला विद्यार्थ्यांना एकाच उदाहरणात सांगायचं असतं तेव्हा मी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाबद्दल बोलतो. अरुणा शानबाग या तिथल्याच परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच त्यांच्यावर भीषण हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी त्यांचं निधन झालं. मधली जवळपास ४२ वर्षं त्या अंथरुणावर होत्या आणि त्यांची काळजी घेतली ती तिथल्या परिचारिकांनी.

बरं होण्याची आशा नव्हती. तरीही रोज अंघोळ, कूस बदलणं, मऊ केलेलं अन्न भरवणं, त्यांच्याशी बोलणं चालू राहिलं. इतकी वर्षं अंथरुणावर असलेल्या माणसाला शय्याव्रण म्हणजे बेडसोअर न होऊ देणं किती कठीण असतं, हे घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्यांनाच कळेल. २०११ साली दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. तेव्हा तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना त्यांच्या अंगावर शय्याव्रण आढळलं नाही. अरुणाच्या वतीनं बोलण्याचा खरा अधिकार रुग्णालयातल्या या कर्मचाऱ्यांचा आहे, असं न्यायालयानं मानलं आणि त्यांच्या सेवेचं निकालपत्रात मनापासून कौतुक केलं. १९७३ मध्ये ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा परिचारिकांनी हे काम पुढे चालवलं. त्यांच्यापैकी कुणी होलिस्टिक नर्सिंगचा वेगळा डिप्लोमा दाखवत नव्हतं. नर्सिंग पूर्णपणे केलं की ते समग्र होतंच.

आपल्या परभणीत याची गरज कुठे आहे?

१) गावपातळीवर : २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं व्हायला लागली. आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथला समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब, मधुमेह, गरोदर माता यांच्या जोडीला मानसिक आरोग्य, म्हाताऱ्या माणसांची काळजी, पॅलिएटिव्ह केअर आणि योग हेही पाहतो. आयुर्वेद पदवीधरांप्रमाणे बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनाही हे पद मिळू शकतं. ही पदं बहुतेक कंत्राटी असतात, हे मात्र मुलांना आधीच सांगा. आपल्या जिल्ह्यात समग्र परिचर्येच्या सगळ्यात जवळ जाणारं काम कुठलं, तर हे.

२) मनाचं आरोग्य : शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनानं २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात परभणीही आहे. नापिकी, कर्ज, लग्नाचा खर्च यांनी खचलेला माणूस "माझं मन बरं नाही" असं म्हणत नाही. तो म्हणतो, "डोकं दुखतंय, भूक लागत नाही." त्या वाक्यामागचं ऐकू येणारी परिचारिका एखाद्याचा जीव वाचवू शकते. (मन खचलं असेल तर १४४१६ हा टेलि-मानस क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे. तो वर्गाच्या फळ्यावर एकदा तरी लिहा.)

३) वेदना आणि शेवटचा काळ : कॅन्सर, पक्षाघात अशा आजारांत बरं करणं हातात नसतं तेव्हाही वेदना कमी करता येतात. लंडनच्या सिसली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग समाजकार्यकर्त्या आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. वेदना शरीराची असते तशी मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, हा त्यांचा मुख्य विचार. आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेलं शांती आवेदना सदन. या क्षेत्रात परिचारिकेचा वाटा डॉक्टरांइतकाच मोठा असतो.

४) मोठं रुग्णालय : परभणीत जिल्हा रुग्णालय आहेच. २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालंय. पूर्वी गंभीर रुग्णाला घेऊन नांदेड किंवा संभाजीनगर गाठावं लागायचं. आता इथली सोय वाढत जाईल तशी शिकलेल्या परिचारिकांची गरजही वाढेल.

आपल्याकडच्या मुलांकडे आणखी एक भांडवल आहे, आणि ते म्हणजे भाषा. परभणीचा मुलगा गावाकडची मराठी बोलतो, शेजाऱ्याकडून दख्खनी शिकलेला असतो, जिंतूरकडच्या तांड्यावरचा असेल तर बंजारा त्याची घरचीच. रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलणं हा समग्र परिचर्येचा अर्धा भाग आहे. तो कुठल्याही कॉलेजात शिकवून येत नाही.

जामखेडचा धडा

मराठवाड्याच्या उंबरठ्यावरचं जामखेड. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं. दवाखाना कितीही चांगला असला तरी तीच मुलं पुन्हा त्याच आजारानं येतात, हे त्यांना दिसलं. मग त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित घरांतल्या होत्या. स्वच्छ पाणी, बाळंतपण, पोषण, कुष्ठरोग्याला घरात घेणं, विहिरीवरचा भेदभाव हे सगळं त्या बायकांच्या आरोग्याच्या कामात आलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजाराचं मूळ घरात आणि गावात असेल तर शुश्रूषा खाटेपाशी थांबून चालत नाही, हा जामखेडचा धडा आहे.

आता खरा रस्ता

भारतात 'होलिस्टिक नर्स' अशी वेगळी नोंदणी नाही. आधी मान्यताप्राप्त नर्सिंग, मग त्यावर आवडीचा विषय, हाच क्रम.

• ए.एन.एम. : २ वर्षे, बारावीनंतर, मुलींसाठी. कला शाखेच्या मुलींनाही वाट खुली. गावपातळीवरच्या आरोग्यसेविकेचं काम.

• जी.एन.एम. : ३ वर्षे, बारावीनंतर, मुलं-मुली दोघांसाठी. इंग्रजी विषय हवा. विज्ञान शाखेला प्राधान्य, पण इतर शाखांनाही संधी.

• बी.एस्सी. नर्सिंग : ४ वर्षे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. राज्याची सीईटी द्यावी लागते. २०२१ मध्ये सुधारलेल्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी मानसशास्त्र, समाजशास्त्र, आहारशास्त्र आहे. पुढे मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य आणि पॅलिएटिव्ह केअर येतं. पत्रकातल्या 'होलिस्टिक'मध्ये जे दाखवलं होतं, ते इथे रीतसर शिकवलं जातं.

• त्यापुढे : जी.एन.एम. झालेल्यांना २ वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी., पदवीनंतर २ वर्षांचं एम.एस्सी. नर्सिंग. यात मानसिक आरोग्य किंवा सामुदायिक आरोग्य हा विषय घेता येतो. मानसोपचार, कर्करोग अशा विषयांत एक वर्षाची पदविकाही आहे.

सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागल्यावर पुढे परिसेविका, अधिसेविका अशी चढण असते. सातव्या वेतन आयोगात अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० अशी आहे. खासगीत सुरुवातीचा पगार बराच कमी असतो, रात्रपाळ्या असतात, पाय दुखतात, कधी नातेवाइकांची बोलणी खावी लागतात. दुसऱ्याचं दुःख रोज पाहून स्वतःचं मनही थकतं. हे मुलांपासून लपवू नका. स्वतःची काळजी घेणं हाही समग्र परिचर्येचाच भाग मानतात.

आणि 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या आपल्यासाठी एक गंमत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर जर्मन भाषा साधारण बी-२ पातळीपर्यंत यावी लागते. आणि अर्थातच, हातात मान्यताप्राप्त शिक्षण हवं. पत्रकावरचं प्रमाणपत्र परभणीतही चालत नाही, जर्मनीत काय चालणार?

पैसे भरण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१) हा अभ्यासक्रम आणि ही संस्था भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का? यादी संस्थेच्या भिंतीवर नाही, परिषदेच्या संकेतस्थळावर बघा. (२०२३ साली संसदेनं नवा परिचर्या आणि प्रसाविका आयोग कायदा मंजूर केलाय, त्यामुळे पुढे राष्ट्रीय परिषदेची जागा आयोग घेईल. प्रश्न मात्र तोच राहील.)

२) शिक्षण पूर्ण झाल्यावर राज्य परिषदेत नोंदणी क्रमांक मिळेल का?

३) परीक्षा कोण घेतं? बी.एस्सी. असेल तर विद्यापीठ कोणतं? आपल्या राज्यात हे काम बहुतेक नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे.

४) प्रात्यक्षिकासाठी कोणतं रुग्णालय आहे, किती खाटांचं? नर्सिंग पुस्तकातून येत नाही, खाटेपाशी येतं.

५) महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती किंवा मुलींची शुल्कमाफी या अभ्यासक्रमाला लागू आहे का? बोगस अभ्यासक्रमाला ती मिळत नाही, त्यामुळे हा प्रश्न चाळणीसारखा काम करतो.

एकाही प्रश्नाला "त्याची गरज नाही", "आमचं स्वतःचं प्रमाणपत्र असतं" असं उत्तर आलं, तर उठून या.

शिक्षकांसाठी दोन शब्द

या कामाला कोणतं मूल योग्य, हे गुणपत्रिकेत दिसत नाही. वर्गात कुणाला चक्कर आली तर कोण न घाबरता पाणी आणतं, पाठ टेकवायला जागा करतं? घरच्या आजारी आजीबद्दल कोण बारकाईनं सांगतं? अशी मुलं हेरा. त्यात मुलगेही असतात. 'नर्स म्हणजे बाई' हा समज आपणच मोडायला हवा. आठवी-नववीत एक छोटा उपक्रम घेता येईल. मुलांनी घरातल्या एका वृद्ध व्यक्तीशी दहा मिनिटं बोलायचं आणि दुखणं, झोप, जेवण, काळजी, आनंद या पाच गोष्टी वहीत लिहून आणायच्या. गोळ्यांच्या नावांपेक्षा वेगळं किती कळतं, ते वाचून तुम्हालाच नवल वाटेल.

त्या आईंना मी हेच पाच प्रश्न कागदावर लिहून दिले. त्यांनी माझ्यासमोरच पत्रकावरच्या नंबरवर फोन लावला. दुसऱ्या प्रश्नापाशी पलीकडचा माणूस अडखळला, मग म्हणाला, "तुम्ही एकदा ऑफिसला या, सगळं समजावतो." आई फोन ठेवून मुलीकडे बघायला लागल्या. मुलगी हिरमुसली. तिला वाटलं, आता स्वप्न गेलं. मी म्हटलं, "बाळा, तुला माणसाच्या मनाचंही बघायचंय ना? मग आधी नर्स हो. पक्की, नोंदणी असलेली नर्स. मन बघायला तुला कुणाच्या सर्टिफिकेटची गरज पडणार नाही."

पत्रक तिनं घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलं आणि प्रवेशाची तारीख विचारली.

आपल्या शाळेत, आपल्या गावात असं पत्रक आलं तर हे पाच प्रश्न पालकांपर्यंत नक्की पोहोचवा. एका लेकराची दोन वर्षं वाचली तरी लिहिल्याचं सार्थक झालं.